मदत हवी आहे: जुन्या शिडाच्या बोटीचं टॉयलेट, वास आणि एक तांबूस पडलेला सीकॉक

नमस्कार मंडळी,

मी कोथरूडला राहतो. शिडं सांभाळायला खडकवासल्याला डिंगीवर, म्हणजे छोट्या शिडाच्या होडीवर शिकलो. गेल्या वर्षी मी आणि एका मित्राने मिळून १९८४ची २९ फुटी फायबरची बोट घेतली. पावसाळ्यापुरती ती मांडव्याच्या बाजूला किनाऱ्यावर चढवून ठेवली आहे, दसऱ्यानंतर पाण्यात उतरवायची आहे.

अडचण वासाची. आईला बोटीतून जंजिरा बघायचा आहे. मागच्या खेपेला केबिनमध्ये दहा मिनिटांतच तिला मळमळायला लागलं. म्हणून यंदा टॉयलेटपासून होल्डिंग टँकपर्यंत (मैला साठवायच्या टाकीपर्यंत) सगळं उघडून बघायचं ठरवलं.

गेल्या रविवारी सुरुवात केली. गरम पाण्यात पिळलेलं फडकं होजवर (लवचीक नळीवर) गुंडाळलं, गार झाल्यावर हुंगलं. टँककडे जाणाऱ्या होजवरचं फडकं नाकाजवळ धरवेना, म्हणजे वास रबरात मुरलाय. तोच होज पंपाजवळ सोडवला तर ३८ मिमीच्या भोकात क्षारांचा थर बसून जेमतेम हाताचं बोट जाईल एवढीच वाट उरली होती. जोकर व्हॉल्व्हचं, म्हणजे एकाच दिशेने वाट देणाऱ्या झडपेचं रबर ताठ झालंय, त्यामुळे पंप मारून झाल्यावर घाण पाणी परत भांड्यात येत होतं. तो बदलणारच. टँकच्या व्हेंटमध्ये (हवेच्या नळीत) तर कुंभारमाशीने मातीचं घर केलं होतं! टँकला हवाच मिळत नव्हती, आणि हवेविना आत सडतं तेव्हाच तो कुजक्या अंड्यांचा वास सुटतो. व्हेंट मोकळा केला.

खरी काळजी सीकॉकची, म्हणजे बोटीच्या अंगातल्या भोकावर बसवलेल्या तोटीची आहे. घाण बाहेर सोडणारा सीकॉक पाण्याच्या पातळीखाली आहे. हँडल नीट फिरतं, पण सुरीने खरवडल्यावर आत पिवळा नाही, तांबूस रंग दिसला. पितळातलं जस्त खाऱ्या पाण्याने गेलं की उरलेला धातू ठिसूळ होतो, आणि समुद्रात तो तुटला तर बोट बुडू शकते. मित्र म्हणतो, फिरतोय ना, मग एक मोसम काढू. माझं मन धजत नाही. तुम्ही काय केलं असतं? बदलायचा तर ब्राँझचाच घ्यावा, की फायबर भरलेल्या प्लास्टिकचाही खाऱ्या पाण्यात टिकतो?

दुसरं म्हणजे होज. बोहरी आळीत शेतीच्या पंपाचा हिरवा सक्शन पाइप दाखवला, पण त्यातून वास झिरपेल असं वाटतं. सरळ भागात कडक पीव्हीसी पाइप टाकून फक्त वळणांना सॅनिटेशन होज (मैल्याच्या पाण्यासाठीचा खास होज) वापरला तर? बोट हलताना सांधे सुटतात का? कोणी असं केलं असेल तर जरूर सांगा.

येत्या शनिवारी परत जातोय. निदान सीकॉकबद्दल त्याआधी कळलं, तर तो काढायची हत्यारं इथूनच घेऊन निघेन.