पसरणी घाटासाठी म्हणे भोकाची डिस्क!

घाटवाला_सातारा
काल 'हळदीबाजार' यांनी पोलो जीटीचा फोटो टाकला. पुढच्या चाकांना भोकं पाडलेल्या ब्रेक डिस्क, कॅलिपरला (पॅड दाबणाऱ्या भागाला) लाल रंग, आणि वर मजकूर : "वाई-पाचगणीचा पसरणी घाट उतरताना ब्रेक फेड झाले, तापून लागेनात. कंपनीची साधी डिस्क म्हणजे कचरा. घाटात फिरणाऱ्यानं भोकाचीच टाकावी." खाली सगळे 'नाद खुळा' म्हणून मोकळे. तिथं माझं कोण ऐकणार, म्हणून वेगळा धागा.

अहो, ब्रेक मारल्यावर गाडीचा वेग उष्णता होऊन जातो कुठं? डिस्कच्या लोखंडात. भोकं पाडली की लोखंड कमी झालं, म्हणजे तेवढ्याच ब्रेकिंगला डिस्क लवकर तापणार. वारा खेळवायचं काम दोन पत्र्यांमधल्या पोकळीतल्या पाती करतात, आणि ती व्हेंटेड डिस्क पोलोला पुढं कंपनीतूनच आलेली असते. भोकांची चाल पडली ती डिस्कला घासून गाडी थांबवणाऱ्या जुन्या ब्रेक पॅडमुळं. तापल्यावर ते गॅस सोडायचे, त्याला वाट हवी होती. आजच्या पॅडला ती गरज फारशी उरलेली नाही. उलट स्वस्तातल्या ड्रिल्ड डिस्कला भोकाच्या कडेपासून केसाएवढे तडे जातात. टॉर्च मारून बघा एकदा.

आणि फेड झालं म्हणजे नेमकं काय झालं? पेडल कडक पण गाडी थांबेना, तर पॅड तापले. पेडल पोकळ होऊन खाली गेलं, तर ब्रेक ऑइल उकळलं. डॉट ४ ऑइल नवं असताना किमान २३० अंश सोसतं, पाणी शोषलं की १५५ वर येऊ शकतं. तिथं डिस्क सोन्याची टाकली तरी उपयोग शून्य. साधी व्हेंटेड डिस्क चांगल्या मेकची घ्या, उरलेले पैसे पॅड आणि ऑइलवर घाला.

हळदीबाजार
सातारकरांना सांगलीच्या माणसानं गाडीला काही चांगलं केलेलं बघवत नाही, हे जुनंच दुखणं. पेडल कडक होतं, ऑइल गेल्या दिवाळीला बदललंय. डिस्क टाकल्यापासून पसरणी उतरलो, यवतेश्वर घाट उतरलो, काही त्रास नाही. आणि पावसाचं काय? जुलैत महाबळेश्वरला धो धो पावसात साध्या डिस्कवर पाण्याचा थर असतो, पहिला क्षणभर गाडी तशीच पुढं सरकते. भोकाची लगेच धरते. हे पुस्तकात नसेल, माझ्या पायाला कळतं.

घाटवाला_सातारा
पावसातला मुद्दा बरोबर, घ्या, दिला. आता एवढंच सांगा, डिस्कबरोबर पॅड नवे टाकले का?

हळदीबाजार
टाकणारच की. जुने पॅड नव्या डिस्कवर कोण लावतं?

घाटवाला_सातारा
झालं तर मग. काम पॅडनं केलं आणि हार डिस्कच्या गळ्यात!

लेथमास्तर_कुपवाड
दोघांचं चालू द्या, माझं वेगळंच रडगाणं. पेडल थरथरलं की गिऱ्हाईक म्हणतं, "मास्तर, डिस्क वाकलीय, लेथवर तासून टर्निंग मारा." डिस्क सहसा वाकलेली नसते. पॅडचा माल तिच्यावर कमीजास्त चिकटलेला असतो, नाहीतर हब, म्हणजे डिस्क ज्यावर बसते तो भाग, घाण असतो. परवा एक आली. हबवर गंजाचा पापुद्रा, नखानं उचलेल एवढाच. वायर ब्रशनं साफ केला, डिस्क परत बसवली, डिस्क सरळ फिरते का दाखवणारा डायल गेज लावला, त्याचा काटा जाग्यावर. २०१९ च्या महापुरातल्या गाड्यांनी तर आम्हाला हब साफ करायलाच लावलं. आणि डिस्कच्या कडेला कमीत कमी जाडी कोरलेली असते, ती न वाचता टर्निंग मागणाऱ्याला मी हात जोडतो.

पाचगणी_टॅक्सी
दुसऱ्या गिअरला उतरा, कसलीही डिस्क चालते. पर्यटक ब्रेकवर पाय ठेवून उतरतात, पॅडचा वास आम्हाला मागच्या गाडीत येतो.

हळदीबाजार
माझी ऑटोमॅटिक आहे, काका.

पाचगणी_टॅक्सी
मग तो मॅन्युअल मोड कंपनीनं शोभेला दिलाय का?

कृष्णाकाठ
घाटाचं कौतुक पुरे. आमच्याकडं ब्रेकची परीक्षा आष्टा-इस्लामपूर रस्त्यावर होते, गळीत हंगामात, रात्री. पुढं दोन ट्रॉल्या ऊस, मागं दिवा नाही, रिफ्लेक्टर नाही, टेपवर गाणी मात्र ढणाढणा. समोरच्याचा अप्पर डोळ्यावर, आणि त्या उजेडातून एकदम उसाची भिंत. माझ्या मेव्हण्याची गाडी अशीच आत घुसली. काच फुटून उसाचं वाढं (शेंड्याची पानं) मांडीवर! माणूस वाचला, गाडी भंगारात. तिथं कुठली डिस्क टाकू सांगा.

उसवाला_वाळवा
आला का शेवटी राग ट्रॅक्टरवाल्यावर! रिफ्लेक्टर लावलेला असतो. वाढं लोंबून झाकला जातो, चिखलानं भरतो. कधी उसाला तोड येईल आणि कधी काट्यावर वजन होईल याचा पत्ता नाही, कारखान्याच्या गेटवर रात्र रात्र रांगेत आम्ही. तुम्हाला एबीएस लागतं, आमच्या ट्रॉलीला तर ब्रेकच नाही. दोन्ही ट्रॉल्यांचं वजन एकट्या ट्रॅक्टरच्या ब्रेकवर.

कृष्णाकाठ
हे तुम्ही अभिमानानं सांगताय?

उसवाला_वाळवा
रडत सांगतोय. ब्रेकची ट्रॉली घ्यायला पैसे तुम्ही देता का? साखर मात्र स्वस्त पाहिजे.

कृष्णाकाठ
साखरेचा दर इथं कुठून आला? वीस रुपयाची लाल पट्टी आणि फडकं मारायचे दोन मिनिटं, त्याला कुठल्या हमीभावाची वाट बघताय?

उसवाला_वाळवा
पट्टी लावतो. तुम्ही गावातनं ऐंशीनं जाणं बंद करा.

घाटवाला_सातारा
मंडळी, धागा डिस्कचा होता.

हळदीबाजार
राहू द्या, यांच्यात तरी निदान कुणाचा लाल रंग कामाला येईल. तर गुरुवर्य घाटवाले, पुढच्या वेळी पॅड चांगले घेईन, ऑइल दर दोन वर्षांनी बदलेन. डिस्क काढणार नाही. दिसायला एक नंबर आहे आणि पैसे माझे आहेत.

लेथमास्तर_कुपवाड
काढू नका, पण बेडिंग, म्हणजे नवे पॅड आणि डिस्क एकमेकांना बसवून घेणं, केलं का? मोकळ्या रस्त्यावर साठवरून पंधरापर्यंत वेग उतरवायचा, पूर्ण थांबायचं नाही, असं आठ-दहा वेळा. आणि चाकाचे बोल्ट टॉर्क रेंचनं आवळून घ्या. पंक्चरवाल्यानं गन मारून आवळले असतील तर महिन्यात पेडल थरथरेल आणि तुम्ही माझ्याकडं टर्निंगला याल.