रामानुजनांचं पत्र वाचलं गेलं होतं
तज्ज्ञ हौशी माणसाचं वाचतच नाहीत, हे तुमचं म्हणणं सरसकट पटत नाही. मद्रास पोर्ट ट्रस्टमधले कारकून रामानुजन यांचं पत्र १९१३ मध्ये केंब्रिजचे गणितज्ञ हार्डी यांनी सहकारी गणितज्ञ लिटलवुडसोबत बसून वाचलंच की! त्यातली काही सूत्रं आधीच माहीत असलेली, काही चक्क चुकीची. पण प्रत्येक सूत्र तपासता येईल इतकं नेमकं लिहिलेलं. (आधी इतरांना पाठवलेल्या पत्रांना दाद मिळाली नव्हती, आणि ते वाईटच झालं.) याउलट वर्तुळाएवढ्या क्षेत्रफळाचा चौरस काढल्याचे दावे इतके यायचे, की पॅरिसच्या विज्ञान अकादमीने १७७५ मध्ये ते तपासणंच बंद केलं. कंपास-पट्टीने ते अशक्य असल्याचं गणितज्ञ लिंडेमन यांनी १८८२ मध्ये सिद्ध केलं, तरी दावे चालूच राहिले. दावेदाराने आधी त्या सिद्धतेतली चूक दाखवावी. तेवढं करूनही कुणी वाचलं नाही, तर मीही तुमच्या बाजूने भांडेन.