‘विशेष आवृत्ती’: चित्रपटाला आवृत्ती असते की प्रत?

रावपुरेकर (बडोदे):
अडलंय, म्हणून विचारतो. काकांना जाऊन वर्ष झालं. त्यांच्या संग्रहात ६४० डीव्हीडी, ९० ब्लू-रे आणि दोन खोकी भरून व्हीसीडी आहेत. काकूने ते सगळं आमच्याकडच्या एका जुन्या मराठी वाचनालयाला द्यायचं ठरवलंय. वाचनालयाची अट एवढीच की यादी मराठीत हवी. तीन रविवार बसून नोंदी करतोय. डबीवर ‘स्पेशल एडिशन’ दिसलं की ‘विशेष आवृत्ती’ लिहितो, ‘कलेक्टर्स एडिशन’ असेल तर ‘संग्राह्य आवृत्ती’. परवा तिथल्या ग्रंथपालकाकांनी वही पाहिली आणि सगळ्या ‘आवृत्ती’ पेन्सिलीने खोडल्या. म्हणाले, “आवृत्ती छापलेल्या पुस्तकाची. चित्रपटाची प्रत असते.” वयाने मोठे, मी गप्प बसलो. पण पटलं नाही.

शिवाय खरा घोळ पुढेच आहे. काकांनी एक हिंदी चित्रपट दोनदा घेतलेला. २००५ साली साधा, आणि २००९ साली दुप्पट किमतीचा, दोन तबकड्यांचा, ‘विशेष’. दोन्ही लावून पाहिले. एकेचाळिसाव्या मिनिटाला नायिका जिना उतरते, तेव्हा चित्राच्या खालच्या कडेला एक केस थरथरतो. दोन्हींत तोच केस, तिथेच. कोपऱ्यातलं कंपनीचं चिन्हही दोन्हींत. दुसऱ्या तबकडीवर जाहिरातीचे तुकडे आणि नटांच्या चित्रपटांची यादी, बस. डबीच्या आतल्या कागदावर काकांनी बारीक अक्षरात लिहून ठेवलंय: “तीच.” हिला मी विशेष आवृत्ती म्हणू?

मात्रा_वेलांटी:
ग्रंथपालांचं अर्धं बरोबर आहे. प्रत म्हणजे हातात धरता येते ती वस्तू. ‘माझ्या प्रतीची पानं सुटली’ असं म्हणतो, ‘माझ्या आवृत्तीची’ असं कोणी म्हणत नाही. पण म्हणून आवृत्ती हा शब्द पुस्तकांच्या नावावर करून दिलेला नाही. ‘कुंकू’ची हिंदी आवृत्ती ‘दुनिया न माने’, दोन्ही १९३७ ची, हे वाक्य मराठीत किती जणांनी लिहिलं असेल! आणि प्रभातच्या त्या आवृत्त्या म्हणजे नुसता आवाज बदललेल्या नव्हेत, दोन्ही भाषांत वेगळं चित्रण केलेलं. ‘शेजारी’त (१९४१) केशवराव दाते, त्यांच्या जागी ‘पडोसी’त मझहर खान. जागीरदार दोन्हींत.

आता तुमच्या डबीविषयी. पुस्तकांच्या धंद्यात एक चांगला भेद होता. मजकूर तोच राहिला तर पुनर्मुद्रण, मजकुराला हात लागला तर आवृत्ती. सगळे प्रकाशक तो पाळत नाहीत, त्याचा मला राग आहे. पण भेद खरा. त्या हिशेबाने २००९ ची डबी हे पुनर्मुद्रण. जुन्या पुस्तकांवर ‘सुधारून वाढवलेली दुसरी आवृत्ती’ छापलेलं असे, म्हणजे काय केलं ते तिथेच कळे. ‘विशेष’ने काय कळतं? रस्त्यात भेटलेला माणूस ‘काय विशेष?’ विचारतो, तेच त्या डबीला विचारायचं.

आणि ‘संग्राह्य’ चुकतंय. संग्राह्य म्हणजे संग्रही ठेवण्याजोगं, तो झाला तुमचा अभिप्राय. कंपनीने ती डबी काढली संग्राहकांसाठी. यादीत अभिप्राय नको.

रीळवाला (इंदूर):
भाऊ, ‘प्रिंट’ म्हणा आणि मोकळे व्हा. माझे वडील इथल्या एका वितरण-कचेरीत तीस वर्षं होते. सी.पी.-सी.आय. सर्किटचा, म्हणजे मध्य प्रांत-मध्य भारत या वितरण-टापूचा, कारभार इंदुरातून चालायचा. गावोगावी पेट्या जायच्या आणि परत यायच्या. परत आलेली पेटी उघडली की वडील रीळ गुंडाळायच्या टेबलावर चढवत आणि डाव्या हाताचा अंगठा न् तर्जनी फिल्मच्या कडेवर ठेवून उजव्या हाताने दांडी फिरवत. नजर दुसरीकडे असली तरी भोक फाटलेलं बोटाला लागायचं. तिथेच थांबून कापायचं, पातीने खरवडायचं, सिमेंट लावून जोडायचं. त्या सिमेंटचा वास आमच्या घरी शर्टाला यायचा. प्रत्येक जोडणीत दोन-चार चौकटी जायच्या. कुठल्या टॉकीजवाल्याने शेवटचा शो आटपायला गाणंच उडवलेलं असायचं. म्हणजे एकाच चित्रपटाच्या दहा प्रिंटी दहा प्रकारच्या. त्यांना कोणी आवृत्ती म्हणत नव्हतं. ‘तीन नंबरची प्रिंट आहे, दुसरं गाणं नाही,’ असं सांगत. किती स्पष्ट! जे नाही ते नाही म्हणून सांगितलेलं. डबीवर हेच हवं.

‘संस्करण’ही चालेल. आमच्याकडे पेपरचं संस्करण असतं, सगळ्यांना कळतं.

मात्रा_वेलांटी:
संस्करण हिंदीत. मराठीत संस्करण म्हणजे संस्कार करणं. तुमच्याकडे हिंदीचा शेजार आहे म्हणून ते कानाला सरावलं.

रीळवाला (इंदूर):
शेजार आहेच, दोनशे वर्षांचा. म्हणून आमची मराठी उणी होते का? पुण्याने मान डोलावल्याशिवाय शब्द मराठी होत नसेल तर बडोदे, इंदूर, ग्वाल्हेरने बोलणंच बंद करावं.

ग्वाल्हेरची लेक:
भांडू नका हो. मलाही ‘आवृत्ती’ खटकते, पण कारण निराळं आहे. मी हिंदी माध्यमात शिकले. भौतिकीत ‘आवृत्ति’ म्हणजे मराठी पुस्तकातली ‘वारंवारता’. त्यामुळे विशेष आवृत्ती म्हटलं की मला आधी सूर आठवतो. आणि गंमत म्हणजे तबकड्यांच्या बाबतीत तो अर्थ लागूही पडतो. चित्रपट सेकंदाला २४ चौकटींनी चालतो, पाल या टीव्ही-पद्धतीच्या डीव्हीडीवर पुष्कळदा तो २५ ने पळवतात. १०० मिनिटांचा चित्रपट ९६ मिनिटांत संपतो आणि आवाज दुरुस्त केला नसेल तर सूरही चढतो. माझ्याकडे एका जुन्या संगीतपटाची अशी डीव्हीडी आहे. पेटी घेऊन बसले, तर काळी एकमधलं गाणं धड काळी एक नाही, धड पांढरी दोनही नाही, मधेच लोंबकळतंय. ज्या घरात मुलांना आधी सा लावायला शिकवतात तिथे हे ऐकवत नाही. डबीवर मात्र सोनेरी अक्षरात ‘विशेष’.

मूळ धातू ‘वृत्’, आ + वृत् म्हणजे फिरून येणं. अथर्वशीर्षाची आवर्तनं, तालाचं आवर्तन, कालव्याच्या पाण्याचं आवर्तन. फिरून येतं ते तेच असतं ना? मग ‘तीच’ असलेली डबी खऱ्या अर्थाने आवृत्ती! काकांनी बरोबर लिहिलंय.

मात्रा_वेलांटी:
व्युत्पत्तीने अर्थ ठरत नाही, ताई. आवर्तनात सम तीच येते, पण मधली तान दरवेळी वेगळी असते, हे तुम्हीच मला शिकवायचं.

प्राच्य (बडोदे):
रावपुरेकर, तुमचं उत्तर तुमच्याच गावात आहे. आपल्या प्राच्यविद्या मंदिराने वाल्मीकी रामायणाची चिकित्सक आवृत्ती काढली, १९६० ते १९७५, सात कांडांचे सात खंड. एकदा जाऊन पान उघडून बघा. वर स्वीकारलेला पाठ, खाली बारीक टायपात पाठभेद, कोणत्या हस्तलिखितात काय आहे त्याच्या खुणांसकट. म्हणजे तीन गोष्टी झाल्या. पाठ म्हणजे ग्रंथाचं एक रूप. आवृत्ती म्हणजे संपादकाने ते लोकांपुढे ठेवणं. प्रत म्हणजे तुमच्या मांडीवरचा खंड.

हे चित्रपटाला लावा. ‘ब्लेड रनर’ हा इंग्रजी चित्रपट १९८२ चा. १९९२ मध्ये ‘डायरेक्टर्स कट’, म्हणजे दिग्दर्शकाच्या मनाजोगं म्हणवणारं रूप, आलं, २००७ मध्ये ‘फायनल कट’. त्या साली पाच तबकड्यांची पेटी निघाली, तीत चित्रपटाची पाच रूपं आहेत. आवृत्ती एक, पाठ पाच. आणि १९९२ च्या त्या ‘डायरेक्टर्स कट’वर दिग्दर्शक रिडली स्कॉट स्वतः बसलेले नव्हते. त्यांच्या सूचनांवरून दुसऱ्यांनी तो तयार केला. पूर्ण ताबा त्यांना मिळाला तो २००७ च्या पाठावर. म्हणजे डबीवर नाव दिग्दर्शकाचं, हात दुसऱ्यांचा. संग्राहकाने चिडायचं नाही तर काय करायचं?

रावपुरेकर (बडोदे):
प्राच्य, हे फार कामाचं आहे. पण मग ‘डायरेक्टर्स कट’ला मराठीत काय लिहू? ‘दिग्दर्शकाचा कट’ लिहिलं तर वाचणाऱ्याला कारस्थान वाटेल.

मात्रा_वेलांटी:
‘दिग्दर्शकाचं संकलन’.

रीळवाला (इंदूर):
मग लोक समजतील की संकलकही तोच होता. श्रेयनामावलीत संकलन हे वेगळ्या माणसाचं काम आहे, त्याचं नाव पुसू नका.

प्राच्य (बडोदे):
‘दिग्दर्शकसंमत पाठ’.

ग्वाल्हेरची लेक:
हे वाचनालयात कोण म्हणेल? ‘काका, दिग्दर्शकसंमत पाठ आहे का?’ पोरं ‘डायरेक्टर्स कट’च मागतील. देवनागरीत तसंच लिहा.

प्राच्य (बडोदे):
‘दिग्दर्शक’, ‘बोलपट’, ‘मध्यंतर’ हेही एके काळी जड वाटलेच असतील. सयाजीरावांनी १९३१ मध्ये ‘श्रीसयाजीशासनशब्दकल्पतरू’ काढवला, कारभाराचे शब्द आठ भाषांत शेजारी शेजारी मांडून. कोणी वापरेल का, असं विचारत बसले असते तर एकही शब्द छापला गेला नसता.

रीळवाला (इंदूर):
आणि ‘रिस्टोअर्ड’ला? मी ‘जीर्णोद्धार’ म्हणेन. अहिल्याबाईंच्या गावाला दुसरा शब्द कसा सुचेल!

मात्रा_वेलांटी:
तिथेच धोका आहे. हल्लीचे जीर्णोद्धार पाहिलेत? काळ्या पाषाणावर ऑइलपेंट, गाभाऱ्यात बाथरूमच्या फरशा. कृष्णधवल चित्रपट रंगवून विकतात त्याला खुशाल जीर्णोद्धार म्हणा. सत्यजित राय यांच्या अपू-त्रयीच्या मूळ निगेटिव्ह १९९३ मध्ये लंडनच्या आगीत जळाल्या. त्यातून वाचलेल्या पट्ट्या दुरुस्त करून, बाकीचं दुसरीकडून जुळवून २०१५ मध्ये तीनही चित्रपट पुन्हा उभे केले. त्या कामाला मंदिराच्या रंगाचा शब्द नको. ‘जतन’ म्हणा.

रीळवाला (इंदूर):
जतन म्हणजे आहे ते सांभाळणं. जळालेलं उभं करणं म्हणजे उद्धारच. शब्द बिघडला तो रंगाऱ्यांमुळे, अहिल्याबाईंमुळे नाही. आणि हल्ली चित्र धुऊन इतकं गुळगुळीत करतात की फिल्मचा दाणाच, चित्रातला तो बारीक रवाळपणाच, जातो, माणसांचे चेहरे मेणाचे दिसतात. त्याला कोणता शब्द?

ग्वाल्हेरची लेक:
‘दाणा’! आमच्याकडे तानेतला सूर न् सूर सुटा ऐकू आला की तानेला दाणा आहे म्हणतात. फिल्मलाही दाणा असतो हे माहीत नव्हतं.

रीळवाला (इंदूर):
वडील म्हणायचे. बाकी कोणी म्हणत असेल का, सांगता येत नाही.

रावपुरेकर (बडोदे):
आज नवी वही आखली. रकाने: प्रत, आवृत्ती, पाठ, शेरा. एक नोंद अशी झाली: ‘प्रत २. आवृत्ती: २००९, दोन तबकड्या, डबीवर विशेष. पाठ: २००५ चाच. शेरा: कडा छाटलेल्या, कोपऱ्यात चिन्ह, ४१व्या मिनिटाला केस. तीच.’ ग्रंथपालकाकांनी चष्मा काढून दोनदा वाचली. शेऱ्याला काही म्हणाले नाहीत. ‘आवृत्ती’ पुन्हा खोडली. आणि ‘पाठ’खाली रेघ ओढून विचारलं, “चित्रपटाचा पाठ की चित्रपटाची पाठ?”

मात्रा_वेलांटी:
पुल्लिंगीच. पण ‘तबकडी’ कशी चालवून घेतलीत? तबक अरबीतून आलेलं, त्यात फराळाचे जिन्नस ठेवायचे. ‘चित्रमुद्रिका’ लिहा.

ग्वाल्हेरची लेक:
मुद्रिका बोटात घालतात. आमच्या आजोबांच्या ७८ च्या रेकॉर्डींना घरात सगळे तबकडीच म्हणायचे.

रीळवाला (इंदूर):
आणि व्हीसीडीच्या त्या दोन खोक्यांचं काय करताय, भाऊ? त्यातल्या कितींवर बुरशी धरलीय ते आधी उजेडात धरून बघा.