खेळण्याच्या रंगकामाचा छापील मास्क: कडेखाली रंग झिरपतो

प्रश्न: एअरब्रशने (हवेच्या दाबाने रंग फवारणाऱ्या साधनाने) रंगवताना नको तेथे रंग लागू नये म्हणून मास्क, म्हणजे छिद्रे असलेले झाकण, त्रिमितीय प्रिंटरवर छापला. त्यासाठी संगणकावर मास्कच्या आकारातून बाहुलीच्या चेहऱ्याच्या त्रिमितीय मॉडेलची वजाबाकी केली, म्हणजे चेहऱ्याचा खळगा कोरला. तो नाकावर घट्ट बसतो, तरीही पापणीखाली रंग झिरपतो. चूक कोठे असावी?

उत्तर: घट्टपणाच फसवा आहे. मास्क नाकाच्या शेंड्यावर अडतो आणि डोळ्याशी फट राहते. वजाबाकीपूर्वी मॉडेलमधील चेहरा ०.२ मिलिमीटर फुगवावा, डोळ्याभोवतीची पट्टी मात्र मूळ मापातच ठेवावी.

दुसरे उत्तर: छिद्राची कड बाहेरून उतरती करावी, जाड कडेशी रंग साचतो आणि तोच आत ओढला जातो.

प्रश्नकर्ता: उजवा डोळा स्वच्छ आला. डाव्याला अजून केसाएवढी रेघ उमटते.

उत्तर: तेथे छपाईच्या आधारांचे (छापताना अधांतरी भागाखाली उभारलेल्या टेकूंचे) खुंट उरले असावेत. आधार बाहेरच्या बाजूस द्यावेत.