रोबोटिक्स टीमसाठी जळगावात प्रायोजक कसे मिळवायचे?

प्रश्न: आम्ही बारा जण रोबोकॉनची (कॉलेजांच्या रोबोट स्पर्धेची) तयारी करतोय. मोटारी-बॅटऱ्यांतच वर्गणी संपली. एमआयडीसीत एका ठिकाणी पत्र दिलं. साहेबांनी न उघडताच बाजूला ठेवलं. आता काय करू?

उत्तर: भाऊ, पैसे नको, मदत माग. आम्ही चटईच्या कारखान्यात रोबोटच घेऊन गेलो. फोरमनकाकांनी चाक हाताने फिरवलं, "बुश घासतंय" म्हणाले, आणि लेथवर तिथल्या तिथे नवं काढून दिलं. मालकांकडेही काकाच आम्हाला घेऊन गेले.

उत्तर: सीएसआरचं (कंपन्यांच्या समाजकार्याच्या निधीसाठीचं) पत्र मोठ्या कंपन्यांनाच द्या. वर्षाला ५ कोटी किंवा जास्त निव्वळ नफा असलेल्या कंपनीला मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या २ टक्के त्यावर खर्च करायचं बंधन आहे.

प्रश्नकर्ता: धन्यवाद दादा! शनिवारी रोबोट घेऊनच निघतो. आधी रावेरला, आमच्या गावच्या शाळेत दाखवतो.