आयटी पार्क झाला की पोरं परत येतील? कुठल्या कामाला?

जुळे सोलापूरकर: काल इथं एकानं लिहिलं, "सोलापुरात होटगी रोडला आयटी पार्क उभा करा, पुण्याला गेलेली पोरं हुतात्मा एक्सप्रेस पकडून परत येतील." वाचून डोकं सटकलं. अहो, आमचा आयटीचा धंदा म्हणजे डोकी मोजून बिल लावायचं. आता क्लायंट म्हणतो, एआय वापरता ना, मग दहा जणांचं काम सात जणांत करा, वर दरही कमी करा. टीसीएसनं जुलै 2025 ला 12 हजारांवर माणसं कमी करणार म्हणून जाहीर केलं. असल्या वेळी इथं भांडवल कोण घालणार? माझ्याकडं 11 जण. बिलाचे पैसे 90 दिवसांनी, पगार 1 तारखेला. बँकेत साहेब विचारतो, "मशिनरी कुठंय?" तारण काय ठेवू, पोरांचे लॅपटॉप?

बाळीवेस: मीच लिहिलंय ते. अमेरिकेनं नव्या एच-1बीला, म्हणजे तिथं नोकरीला जायच्या व्हिसाला, 1 लाख डॉलर फी लावल्यावर काम इकडंच येणार की! हैदराबादेत परदेशी कंपन्या जीसीसी, म्हणजे स्वतःच्याच कामाची ऑफिसं, काढतायत, ते दिसत नाही?

जुळे सोलापूरकर: दिसतंय की. मी तीन वर्षं शिकवलेली पोरगी तिथंच गेली, दुप्पट पगारावर.

अशोक चौक: पार्क राहू द्या, पाण्याचं बोला. उजनी धरण भरलं तरी आमच्या नळाला पाचव्या दिवशी पाणी. परवा अमेरिकेचा कॉल चालू, म्यूट करायचं राहिलं, अन् आई ओरडली, "पाणी आलं, मोटार लाव!" गोरा विचारतो, काही इमर्जन्सी आहे का? म्हटलं, हो.

सात रस्ता: आणि विमान? विमानाला आडवी येते म्हणून सिद्धेश्वर साखर कारखान्याची चिमणी पाडली जून 2023 ला, विमान उडालं जून 2025 ला. तेही गोव्याला! क्लायंट काय बीचवरून येणार?

बाळीवेस: ऑक्टोबर 2025 पासून मुंबईचंही सुरू झालं. पेपर वाचत जा.

कुंभारी: चिमणीवर दात काढू नका बे. आमच्या चार एकरांचा ऊस जायचा तिथं. ती पडली त्या दिवशी वडील जेवले नाहीत. तुम्हाला फक्त विमान दिसतं.

सात रस्ता: मग काय, उसासाठी शहर अडवून ठेवायचं?

कुंभारी: शहर म्हणे! साखर पुड्यातच उगवते ना तुमच्याकडं?

अशोक चौक: त्या उसानंच तर उजनी पिली.

कुंभारी: आता माझ्याच नावानं बिल फाडा.

जुळे सोलापूरकर: बाळीवेस, तुमचं एक मान्य. काम इकडं येईल. मग सोमवारी ऑफिसला या, नव्या पोरांचा पगार तुम्ही द्या, मी 90 दिवसांनी परत करतो.

बाळीवेस: सोमवारी नको. आमच्याकडं पाण्याचा दिवस आहे.