मदत हवी आहे : बास ड्रमचा पाय समेवर पडण्याची सवय कशी मोडावी?

नमस्कार मंडळी. मी वेंगुर्ल्याचा असून लहानपणापासून डबलबारी भजनांत पखवाज वाजवत आलो आहे आणि गेले वर्षभर ड्रम सेटवर क्युबन ताल बसवण्याचा मनापासून प्रयत्न करत आहे. सोन क्लावे या क्युबन संगीताच्या पायाभूत ठेक्याचे पाच आघात १६ भागांच्या आवर्तनात १, ४, ७, ११ आणि १३ या जागांवर येतात, हे तोंडपाठ आहे. डाव्या हाताने क्रॉस-स्टिकवर (काठी स्नेअर ड्रमवर आडवी ठेवून कडेवर मारत) क्लावे आणि उजव्या हाताने फ्लोअर टॉम या जमिनीवरच्या मोठ्या ड्रमच्या अंगावर कास्कारा हा क्युबन ठेका, एवढे संथ लयीत जमतेही. परंतु पायाने वाजणारा बास ड्रम केवळ चौथ्या जागी, म्हणजे बोंबो म्हणतात त्या क्लावेच्या दुसऱ्या आघातावर, वाजवायचा ठरवला की दुसऱ्या-तिसऱ्या आवर्तनातच उजवी टाच उचलली जाते आणि पाय समेवर पडतो. सांबा या ब्राझिली तालामध्येही तसेच होते, कारण तिथे सुर्दू या मोठ्या ढोलाचे वजन दुसऱ्या मात्रेवर असते आणि माझे पहिल्यावर जाते. पखवाजाने दिलेली समेची ओढ मला गमवायची नाही, ती फक्त पायातून काढायची आहे. आधी क्लावे तोंडाने म्हणत एकट्या पायाचा सराव करावा, की हातांसोबतच लय आणखी उतरवावी? ज्यांनी भजनातून ड्रम सेटकडे असा प्रवास केला आहे, त्यांनी आपला रियाज कृपया सविस्तर सांगावा.